खाजणाचा मालक कोण?

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला गेले. तेथे त्यांनी स्नॉर्केलिंग केले आणि त्याची छायाचित्रे देशभर प्रसृत झाली. मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी त्यावर अनुदार उद्गार काढताच आपल्या पांढरपेशा वर्गाचे राष्ट्रप्रेम उफाळून आले. आता मालदीव नको, लक्षद्वीपलाच जायचे! सकाळी जहाजावरून उतरावे, डोळ्यांवर काच आणि तोंडात नळी लावून प्रवाळ व रंगीत मासे पाहावेत, दुपारी नारळीच्या सावलीत जेवावे आणि रात्री झोपावयास जहाजावर परतावे. ज्या पाण्यात आपण उतरणार ते पाणी कोणाचे, हा प्रश्न मात्र या कोलाहलात फारसा कोणी विचारला नाही.

लक्षद्वीप हा नोंदीप्रमाणे ३६ बेटांचा समूह आहे. वस्ती १० बेटांवर, आणि एकूण जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या ६४,४७३ भरली. त्यातील बहुसंख्य लोक अनुसूचित जमातींचे आहेत. बहुतेक बेटांपुढे प्रवाळाची भिंत आहे आणि तिच्या आत उथळ, शांत खाजण. पाहुण्याला हे खाजण जलक्रीडेचे तळे वाटते. बेटावरील मच्छीमाराचे ते कामाचे ठिकाण आहे. टूना, म्हणजे आपल्या कोकणातील कुपा, तो काठीला बांधलेल्या गळाने एकेक करून पकडतो. त्यासाठी लागणारे जिवंत आमिषाचे बारीक मासे त्याला याच खाजणात, प्रवाळाच्या आश्रयाने मिळतात. प्रवाळ मेला की आमिष संपले, आणि आमिष संपले की त्याची होडी किनाऱ्यावरच राहिली.

तो प्रवाळ आज आजारी आहे. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ अशा चार वेळा समुद्र तापला आणि प्रवाळ पांढरा पडला. गेल्या पाव शतकात तेथील जिवंत प्रवाळाचे आच्छादन सुमारे निम्म्यावर आले. समुद्र तापविणारी धुराडी बेटवासीयांची नव्हेत; ती श्रीमंत देशांची आणि आपल्या महानगरांची आहेत. पावसाळी लाटा अडविणारी ही भिंत अशी खचत असताना तिच्यावर नवे धक्के, नांगर, सांडपाणी आणि पाण्यात रोवलेले खांब यांचा भार टाकणे याला विकास म्हणावयाचे काय?

या विकासाचा खरा चेहरा २०२१ मध्ये दिसला. लक्षद्वीपला विधानसभा नाही. तेथे केंद्राने नेमलेल्या प्रशासकाचा अंमल चालतो. त्या वर्षी विकास प्राधिकरणाच्या नियमावलीचा मसुदा आला. 'विकासा'साठी कोणाचीही जमीन ताब्यात घेण्याचे व्यापक अधिकार त्यात प्रशासनाला देऊ केले होते. त्याच वर्षी जिल्हा पंचायतीकडील शिक्षण, आरोग्य, शेती, पशुसंवर्धन आणि मत्स्यव्यवसाय ही पाच खाती काढून घेण्यात आली. किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या झोपड्या अतिक्रमण ठरवून पाडल्या गेल्या. ७ जून २०२१ रोजी बेटवासीयांनी घराघरांतून उपोषण केले. केरळच्या विधानसभेने त्याआधीच एकमताने ठराव करून त्यांना पाठिंबा दिला होता. तरीही जानेवारी २०२३ मध्ये टाटा समूहाच्या हॉटेल कंपनीने सुहेली आणि कडमत येथे दोन आलिशान विश्रामस्थाने जाहीर केली, तीही खाजणातील पाण्यावर उभ्या राहणाऱ्या कुटिरांसह. मच्छीमाराची झोपडी किनारा बिघडविते आणि धनिकाची कुटी त्याची शोभा वाढविते, हा कोणता न्याय?

जहाजाचेही तेच. कवरत्ती, कल्पेनी व मिनिकॉय या बेटांची 'समुद्रम' ही सरकारी सहल ज्या 'एम. व्ही. कवरत्ती' जहाजावर आखली गेली, तेच बेटवासीयांचे कोचीला जाण्याचे साधन होते. मोठे दुखणे, महाविद्यालय, बाजार, सर्वांसाठी कोची गाठावे लागते. डिसेंबर २०२१ मध्ये या जहाजावर आग लागली, आणि २०२२ मध्ये जहाजांच्या टंचाईविरुद्ध बेटवासीयांना आवाज उठवावा लागला. रुग्णाला जागा नाही आणि सहलीच्या जाहिराती मात्र चालूच, अशी व्यवस्था कोणत्याही लोकशाहीला शोभणारी नाही.

पर्यटनाने रोजगार येतो, असे सांगण्यात येते. आमचा पर्यटनाला तात्त्विक विरोध नाही. विश्रांती हा श्रमिकाचाही हक्क आहे, आणि समुद्राचे सौंदर्य ही धनिकांची मिरास नव्हे. परंतु रोजगार कोणता, हे विचारलेच पाहिजे. आज स्वतःच्या होडीचा आणि नारळीचा धनी असलेला माणूस उद्या त्याच किनाऱ्यावर पाहुण्यांचे टॉवेल घड्या करणार असेल, तर त्याला रोजगार मिळाला असे आम्ही म्हणणार नाही. त्याची मालकी गेली असे म्हणू.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. पर्यटक किती यावेत आणि कोठे उतरावेत, हे निवडून आलेल्या पंचायतींनी ठरवावे व त्यांचे काढलेले अधिकार परत द्यावेत. जहाजावर पहिला हक्क रुग्णाचा आणि विद्यार्थ्याचा असावा. खाजणात बांधकामाला बंदी असावी. पाहुण्यांची सेवा बेटवासीयांच्या सहकारी संस्थांनी करावी आणि नफा बेटावरच राहावा. लक्षद्वीपचा लोकसभेत एकच खासदार आहे. त्याचा आवाज तेथे सहज बुडतो. मुख्य भूमीवरील कार्यकर्त्यांनी हा प्रश्न आपल्या सभांतून आणि ठरावांतून मांडला नाही, तर त्या बेटांचा सौदा आपल्या मौनाच्या आधारे पुरा होईल.