दिवाणखान्यातला समुद्र

मध्यमवर्गीय माणसाच्या घरात जागा कमी आणि हौस फार, हे ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही स्टेशनावर उतरून खात्री करून घ्यावे. साडेचारशे चौरस फुटांत दोन पिढ्या, एक दिवाण, एक फ्रीज आणि गॅलरीत अंग चोरून उभी असलेली तुळस. एवढे भरल्यावरही एखाद्याला वाटतेच, की आता घरात एक समुद्र हवा!

गोड्या पाण्यातल्या फिश टँकबद्दल माझी तक्रार नाही. गप्पी, मॉली, गोल्डफिश ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांतच पैदा होत आली. म्हणजे आपल्यासारखीच, चाळीत जन्मली, चाळीत वाढली. फेंगशुईवाल्याने सांगितले म्हणून आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे पाळणाऱ्यांवरही माझा राग नाही. (घरावरचे संकट तो काळा मासा अंगावर घेतो म्हणे. आमच्या शाखेत हे काम हेडकॅशियर करतो.) माझे भांडण आहे ते खाऱ्या पाण्याच्या टाकीशी.

आमच्या सोसायटीत एका साहेबांनी असा समुद्र बसवला आहे. पाणी थंड ठेवायला यंत्र, मीठ मोजायला यंत्र, लाटा काढायला यंत्र. "सगळे मासे इम्पोर्टेड आहेत बरं का," असे ते अशा सुरात सांगतात, की समोरच्याला आपण देशी असल्याची लाज वाटावी. मी विचारले, "यांचा जन्म कुठला?" तर म्हणाले, "कुर्ल्याहून आणले."

आता पाहा, आमच्याकडे पाचशे रुपयांचे खाते उघडायला आलेल्या म्हातारीला आम्ही आधार, पॅन, फोटो आणि लाइटचे बिल मागतो. पण हजारो रुपये मोजून घेतलेला मासा कुठल्या समुद्रातून, कुणी, कसा पकडला, हे विचारायची पद्धत नाही. कारण उत्तर ऐकवणार नाही. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक पैदास केंद्रांतले असतात. खाऱ्या पाण्यातले बहुतेक सगळे प्रवाळांच्या खडकांवरून सरळ उचललेले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २००३ सालच्या अहवालात अंदाज होता, की जगभरात वर्षाला दोन ते अडीच कोटी मासे असे उचलले जातात.

आणि उचलतात कसे? फिलिपाईन्समध्ये १९६० च्या दशकात एक युक्ती निघाली. बाटलीत सायनाइडचे पाणी भरायचे, बुडी मारायची आणि कपारीत फवारायचे. मासा गुंगून बाहेर येतो. काही तिथेच मरतात, काही वाटेत, काही गिऱ्हाइकाच्या घरी आठवड्याने. मागे राहिलेल्या प्रवाळालाही ते विष चढते. कपारीतला मासा तरीही निघाला नाही, तर पहार घालून कपारच फोडायची. भाडेकरू खोली सोडत नाही म्हणून इमारत पाडण्याचा हा प्रकार आपल्याकडेही अपरिचित नाही म्हणा!

त्या नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या विदूषक माशाचे घ्या. २००३ साली त्याच्यावर सिनेमा निघाला आणि पोरासोरांना तो नावानिशी ठाऊक झाला. एका समुद्रफुलात त्याचे एकत्र कुटुंब असते. सगळ्यांत थोरली मादी. ती गेली, की तिचा नवरा स्वतःच मादी होतो आणि धाकट्यांपैकी एकाला नवरा म्हणून बढती मिळते. (सेवाज्येष्ठतेने बढती देणारी ही एकच संस्था मला माहीत आहे.) आता या बिऱ्हाडातली कर्ती जोडी कुणी काढून नेली आणि शोभा म्हणून समुद्रफूलही उपटले, तर उरलेल्यांनी कुठे जायचे?

दुसरा एक बारका मासा आहे, सफाईवाला. खडकावर ठरलेल्या जागी दुकान मांडतो, मोठे मासे येऊन उभे राहतात आणि हा त्यांच्या अंगावरची बांडगुळे खातो. त्याचे दुकान उठले, की खडकावरची वर्दळ ओसरते, हे संशोधकांनी पाहिले आहे. टाकीत त्याला गिऱ्हाईकच नाही. बहुधा उपाशीच मरतो.

आता तुम्ही म्हणाल, "अहो, आपण पापलेट खातो ते चालते का?" हा प्रश्न साहेबांनीही मला विचारला, जिन्यात, आणि तो चुकीचा नाही. पापलेटवर इतका ताण आला आहे, की २०२३ साली त्याला राज्यमासा जाहीर करावे लागले. पण मी बी.कॉम. झालेला माणूस. बाजारात पापलेट महागले, की आमच्या घरी बांगडा येतो. टंचाई झाली, की खाणारा हात आखडतो. हौशी माणसाचे उलटे. मासा जितका दुर्मिळ तितका तो हवाच. इंडोनेशियात बांगाई बेटांजवळ एक चिमुकला मासा आहे. त्यातला बाप अंडी तोंडात धरून सांभाळतो, तोवर जेवतसुद्धा नाही. टाक्यांसाठी त्याची इतकी उचल झाली, की २००७ साली त्याचे नाव संकटग्रस्तांच्या यादीत गेले. हा व्याजावर जगण्याचा व्यवहार नव्हे, मुद्दल खाण्याचा आहे.

आपल्याकडे कायदा आहे. २००१ सालापासून प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसलेले आहेत. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० साली वरळी आणि हाजीअलीजवळच्या प्रवाळांच्या अवघ्या अठरा वसाहती हलवायच्या, तर सरकारलाही रीतसर परवानग्या काढाव्या लागल्या. आणि आपले लोक? तेच समुद्रातले काळे झाड 'इंद्रजाल' या नावाने चौकट करून भिंतीवर टांगतात, नजर लागू नये म्हणून! वाघाचे कातडे टांगायला ज्यांची छाती होणार नाही, ते हे बिनदिक्कत टांगतात.

कोकणातल्या, कोचीतल्या किंवा कुठल्याही कोळ्याने पोटासाठी जाळ्याने चार रंगीत मासे धरले, तर मी त्याच्याशी भांडायला जाणार नाही. शिवाय टाकी हवीच असेल, तर पैदास केलेले मासे मिळू शकतात. तामिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशांची पैदास करून दाखवली आहे. पण हे सांगितल्यावर साहेब म्हणाले, "त्यात ती मजा नाही."

मजा म्हणजे निसर्गप्रेम. घरात थोडा रंग हवा, निसर्ग हवा, असे त्यांचे म्हणणे. रंगाची हौस डोंबिवलीकराला? २०१४ साली आमच्याकडे हिरवा पाऊस पडला, २०२० साली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला! आणखी कुठला रंग राहिला?

निसर्गच पाहायचा असेल, तर ओहोटीच्या वेळी ठाण्याच्या खाडीवर जावे. चिखलात निवट्या असतात. मासा असून परांवर चालतात, डोळे डोक्यावर काढून इकडेतिकडे पाहतात, आठ-तेराच्या लोकलमध्ये खिडकी मिळते का ते शोधणाऱ्या माणसासारख्या. जवळ गेलात, की टुणकन उडी मारून बिळात. त्यांना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी आणता येत नाही, कारण घरी चिखल ठेवायला सौ. परवानगी देत नाही. साहेबांना मी रविवारी चला म्हटले आहे. टाकीचे पाणी बदलायचे असते, म्हणून अजून जमलेले नाही.