बिब्ब्याचा धडा

आवळा, हिरडा, बेहडा ही चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनांची देणगी. अलीकडे हीच फळे 'नैसर्गिक अँटिऑक्सिडंट' म्हणून चेहऱ्याच्या लेपांच्या व मलमांच्या वेष्टनांवर झळकू लागली आहेत. वनौषधींना मान मिळतो याचा आम्हांस आनंदच आहे. मात्र 'अँटिऑक्सिडंट, म्हणजे त्वचेस निर्धोक' हा जो अर्थ काढला जातो, तो आम्हांस मान्य नाही.

हा शब्द मुळात किती सांगतो? परीक्षानळीत डीपीपीएच या रसायनाचा जांभळा रंग वनस्पतीच्या अर्काने फिका पडला, की अर्कात तो गुण आहे असे ठरते. ती परीक्षा त्वचेवर झालेली नसते.

याच वनांतील बिब्बा पाहावा. त्याच्या अर्कातही प्रयोगशाळेत हा गुण आढळला आहे. तरीही बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या स्त्रियांच्या हातांवर उठणारे फोड विदर्भातील वैद्यांना नवे नाहीत. परिटाने कपड्यावर केलेल्या बिब्ब्याच्या खुणेनेही पूर्वी मानेवर चट्टे उठत. यात विसंगती नाही. बिब्ब्याच्या तेलातील फिनॉलवर्गीय द्रव्यांचे सहज ऑक्सिडीकरण होते, हाच त्यांचा 'गुण'. आणि त्यानंतर तीच त्वचेतील प्रथिनांना चिकटून दाह उत्पन्न करतात. म्हणूनच ग्रंथकारांनी भल्लातकास शोधन सांगितले आणि औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ अनुसूचीतील विषद्रव्यांत त्याची गणना झाली.

आवळा म्हणजे बिब्बा नव्हे, हे उघड आहे. परंतु आवळ्याचा आंबट रस सोललेल्या त्वचेस झोंबतो, आणि पाण्यात कालवून ठेवलेल्या लेपास बुरशी धरते.

तेव्हा वैद्यबंधूंना आमची विनंती अशी : नवा लेप चेहऱ्यास लावण्यापूर्वी रुग्णाने तो कोपराच्या आतल्या बाजूस दिवसातून दोनदा, निदान सात दिवस लावून पाहावा. चूर्ण कोरडे द्यावे व लावण्याच्या वेळीच कालवण्यास सांगावे. औषधालयांच्या चालकांनी हेही ध्यानी घ्यावे की, अनुसूची 'टी'तील सूट वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी केलेल्या औषधापुरतीच आहे. बाजारात विकण्यासाठी परवाना व उत्तम निर्मितीचे नियम दोन्ही बंधनकारक आहेत.

द्रव्य कोणास, किती व कसे द्यावे, हे ठरविणे वैद्याचे काम. ते वेष्टनावरील एका शब्दावर सोपवू नये.