यतीमांचा हिशेब

“मामू, ह्या गेममध्ये नेहमी आपलेच का मारायचे असतात?”

बारावीची परीक्षा देऊन सुट्टीला आलेल्या माझ्या भाच्याने हे हसत हसत विचारलं. बोट माऊसवरून हललंही नाही. मी मात्र हादरलो. त्याला राग आला असता तर बरं वाटलं असतं. त्याला ते रोजचं वाटत होतं, हे जास्त वाईट होतं.

मी उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर. गेममधलं मला फारसं कळत नाही, पण लिपी कळते. २००९ साली आलेल्या ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २’ मध्ये कराची शहर दाखवलं आहे आणि तिथल्या पाट्या उर्दूऐवजी अरबीत आहेत. ज्या अरबी वर्णमालेत ‘च’साठी अक्षरच नाही, त्या लिपीत कराचीचा बाजार रंगवला! माझ्या चौथीच्या पोराने ही चूक केली असती तर मी त्याला वही परत दिली असती. इथे कोट्यवधी डॉलर खर्चून ही चूक जगभर विकली गेली. कारण साधं आहे. ज्याच्यावर गोळी झाडायची, त्याची भाषा कोणती हे विचारायची गरज कुणालाच वाटत नाही.

याच मालिकेच्या २०१९च्या भागात ‘हायवे ऑफ डेथ’ हे नाव वापरलं आहे आणि त्या रस्त्यावरच्या संहाराचा दोष रशियन फौजेच्या माथी मारला आहे. त्या नावाचा खरा रस्ता कुवेतहून बसऱ्याकडे जातो. फेब्रुवारी १९९१मध्ये माघार घेणाऱ्या इराकी फौजेवर तिथे अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या विमानांनी बॉम्ब टाकले. इतिहासाचं पुस्तक न उघडणारी पोरं आता हा इतिहास खेळून शिकणार. तरीही आपल्याला ऐकवलं जातं, “अहो, खेळच तर आहे!”

भाच्याशी वाद घालता घालता त्यानेच मला एक जुना गेम दाखवला : ‘अल्फा प्रोटोकॉल’. ऑब्सिडियन कंपनीने बनवला, सेगाने २०१०मध्ये बाजारात आणला. पात्राच्या पाठीमागून बघत खेळायचा बंदुकीचा गेम. नायक मायकल थॉर्टन, अमेरिकन गुप्तहेर. लढायचं कसं हे तुम्ही ठरवायचं. दबक्या पावलांनी जा, पिस्तुलाने जा, शॉटगन घेऊन थेट दारातून घुसा, नुसत्या हातांनी लढा, नाहीतर यंत्रं आणि कुलपं फोडत पुढे सरका. बोलायचं कसं हेही तुमच्याच हातात आणि उत्तर द्यायला वेळ थोडा. तुमच्या बोलण्यावरून समोरची माणसं मित्र होतात किंवा वैरी.

त्या वेळी टीकाकार म्हणाले, गोळी धड लागत नाही. खरंच आहे. नेम बरोबर धरला तरी पात्राचं कौशल्य वाढेपर्यंत गोळ्या वाया जातात. शत्रूही मठ्ठ वागतात. विक्री अपेक्षेइतकी झाली नाही, सेगाने दुसरा भाग काढणार नाही असं सांगून टाकलं. २०१९मध्ये तो ऑनलाइन दुकानांतून काढला गेला आणि २०२४मध्ये जीओजीवर परत आला. मधली पाच वर्षं तो नव्याने विकतही मिळत नव्हता.

माझी तक्रार टीकाकारांशी आहे. गोळी लागते की नाही, एवढंच त्यांनी मोजलं. गोळी कुणाला लागते आणि ती कुणी बनवली, हे हा गेम विचारत होता. तो प्रश्न किती जणांनी ऐकला?

गोष्ट अशी. प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडलं जातं. संशय ‘अल-समद’ या संघटनेवर आणि तिचा म्होरक्या शेख अली शहीद याच्यावर. थॉर्टनला सौदी अरेबियात पाठवतात. इतर गेम इथेच संपले असते : शहीदला मारा, झेंडा फडकवा. इथे शहीदला मारायचं की जिवंत ठेवायचं, हे खेळणाऱ्याला ठरवावं लागतं. आणि धागा उलगडत गेला की तो हॅलबेक नावाच्या अमेरिकन शस्त्र कंपनीच्या दारात पोचतो. क्षेपणास्त्र तिचं, आणि जगात तणाव वाढला की नफाही तिचाच.

मी या गेमचा भाट नाही. ‘अस्-समद’ हे अल्लाहचं नाव आहे. सूरह इख्लासमध्ये ते येतं आणि आपली पोरं शाळेत जाण्याआधी ती सूरह पाठ करतात. ते नाव अतिरेकी संघटनेला देताना कुणालाच काही वाटलं नाही? म्होरक्याचं नाव ‘शहीद’ ठेवणं हाही तोच आळस. सौदीच्या त्या भागात एक म्होरक्या, एक शस्त्रांचा दलाल आणि बाकी सगळे बंदूकवाले. एक शिक्षक, एक डॉक्टर, एक आई भेटत नाही. अरबी चेहऱ्यामागे घर असतं हे या शहाण्या गेमलाही पूर्ण सुचलं नाही.

पण एक गोष्ट त्याने केली, ती मी विसरू शकत नाही. गेममध्ये तुमच्या कामगिरीच्या आकडेवारीचं पान आहे. किती मारले, याच्याबरोबर तिथे आणखी एक आकडा येतो : तुम्ही किती मुलं अनाथ केलीत. बनवणाऱ्यांनी कदाचित काळा विनोद म्हणून तो घातला असेल. भाचा तो आकडा बघून गप्प झाला. मग म्हणाला, “मामू, पुन्हा सुरुवातीपासून खेळतो.” ज्या उम्मतीचे पैगंबर (स.) स्वतः यतीम होते, तिच्या पोराला त्या एका ओळीने जे शिकवलं, ते माझ्या वीस उपदेशांनी शिकवलं नसतं.

आता आपल्या लोकांविषयी. आपल्याकडे दोनच उत्तरं तयार असतात. एक, “गेम हराम, मोबाइल काढून घ्या.” दुसरं, “बंदी घाला.” २०१३मध्ये पाकिस्तानातल्या सीडी-डीव्हीडी विक्रेत्यांच्या संघटनेने असे दोन गेम न विकण्याचं ठरवलं. त्यांचा राग मला समजतो. पण न विकल्याने दुकानातला खण रिकामा होतो, चित्र बदलत नाही. बोललं की बदलतं. २०२१मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी : व्हॅनगार्ड’ मध्ये कुरआनची पानं जमिनीवर पडलेली दिसली, लोक बोलले, आणि कंपनीला ती काढून माफी मागावी लागली.

म्हणून माझी मागणी वेगळी आहे. आम्हाला गेममध्ये मुसलमान नायक द्या, असं मी म्हणत नाही. समोरच्याला गोळीआधी एक प्रश्न विचारता यावा, एवढंच हवं आहे. आणि पालकांनो, मुलाच्या हातून माऊस हिसकावण्याआधी त्याच्या शेजारी अर्धा तास बसा. हा कोण आहे, ह्याची भाषा कोणती, ही बंदूक कुणी बनवली, हे विचारा. कविता शिकवताना आम्ही मास्तर हेच करतो. पोरं कवितेपेक्षा कितीतरी जास्त वेळ पडद्यासमोर असतात, मग तिथे त्यांना एकटं का सोडायचं?

भाच्याने दुसऱ्या फेरीत शहीदला मारलं नाही. का, ते मी त्याला विचारलं नाही. पण रात्री जेवताना तो अम्मीला विचारत होता, “हे मिसाईल बनवणारे लोक खरंच असतात का?”

असतात, बेटा. त्यांच्यावर मात्र कुणी गेम काढत नाही.