बुडीत खात्याचा अभंग

काही गाणी आपल्याला इतकी पाठ झालेली असतात, की ती ऐकणेच आपण सोडून दिलेले असते. श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेली आणि लता मंगेशकर यांनी गायिलेली 'अभंग तुकयाचे' ही ध्वनिमुद्रिका मराठी घरांत अशीच मुरून गेली आहे. पहाटे देवळाच्या कर्ण्यावर, मंगल कार्यालयात पंगत बसण्याआधी, घरात देवपूजा चाललेली असताना ती लावलेली असते. वाजते सगळीकडे, ऐकत कोणी नसते. घरातल्या जुन्या घड्याळासारखे तिचे झाले आहे. बंद पडले तरच लक्ष जाते.

यंदाच्या उन्हाळ्यात वडगाव रासाईला मी ती पुन्हा ऐकली. सलग ऐकली, हातात दुसरे काम न घेता ऐकली, आणि तिच्यातला तुकाराम मला नव्याने भेटला. त्याचे कारण माझ्या गेल्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत आहे. ही नोकरी बँकेतली, आणि तीही बरीचशी कर्जखात्यातली. थकबाकीदारांच्या याद्या, सातबाऱ्यावरचे बोजे, जामीनदाराची समजूत आणि मार्चअखेरची वसुली यांत आयुष्य गेलेल्या माणसाला तुकोबांच्या चरित्रातला एक प्रसंग विसरता येत नाही.

तुकोबांचे घर देहूच्या महाजनांचे. शेती होती, दुकान होते, सावकारी होती. म्हणजे आजच्या भाषेत आमच्याच व्यवसायातले घर. 1630 च्या सुमारास जो भयंकर दुष्काळ पडला, त्यात ही पेढी बुडाली. पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दिवाळे निघाले, गावात पत राहिली नाही. आणि नंतर, परंपरा सांगते त्याप्रमाणे, लोकांकडून येणे असलेली खते त्यांनी बाहेर काढली, धाकट्या भावाच्या वाट्याची निम्मी त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली. जगातल्या कर्जमाफ्यांच्या इतिहासात ही एक अजब कर्जमाफी म्हटली पाहिजे. देणाऱ्याने ती सरकारच्या तिजोरीतून दिली नाही, स्वतःच्या खिशातून दिली. आणि भावाच्या हक्काला हात लावला नाही, हे त्यातले हिशेबीपण मला फार मोठे वाटते.

इंद्रायणी देहूवरून आळंदीला येते आणि तुळापूरला भीमेला मिळते. तीच भीमा पुढे आमच्या वडगावच्या काठाने वाहते. अलीकडचा काठ शिरूर तालुक्याचा, पलीकडचा दौंडचा. पुढे ती उजनीच्या धरणात जाते आणि पंढरपुरात चंद्रभागा होते. तुकोबांची खते वाहत गेली असतील, तर ती आमच्या घाटावरून गेली असणार, असा विचार मनात येतो. ज्या रामेश्वरभटांनी तुकोबांच्या वह्या बुडवायला लावल्या असे सांगतात, ते वाघोलीचे. पुण्याहून शिरूरला येताना वाघोली वाटेवरच लागते. पुढे तेच तुकोबांचे शिष्य झाले. म्हणजे ही सारी कथा आमच्या पंचक्रोशीतली आहे. ती दूरची आणि पवित्र करून ठेवली ती आपण.

आता या तबकडीकडे पाहू. दिंडीतला तुकाराम हा हजार कंठांचा असतो. टाळ-मृदंगाच्या कल्लोळात एकट्या माणसाचे दुःख विरघळून जाते, आणि दिंडीचा मोठेपणा त्यातच आहे. खळ्यांनी नेमके उलटे केले. त्यांनी तो कल्लोळ बाजूला ठेवला, वाद्यमेळ मागे ठेवला आणि एका माणसाला एकटे उभे केले. 'भेटीलागी जीवा' ऐकताना मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही, फक्त वाट पाहणारा एक जीव आहे, असे वाटत राहते. खळ्यांच्या चाली ऐकायला सोप्या आणि गायला अवघड, असे गायक मंडळी सांगतात. सामान्य श्रोत्यालाही ते कळते. सुरुवात ओळखीची वाटते म्हणून आपण बरोबर गुणगुणू लागतो आणि दुसऱ्या वळणावर आपला आवाज मागे राहतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हा आवाज बाईचा आहे. आमच्या भागातली भजनी मंडळे माझ्या लहानपणी पुरुषांची होती. वीणा, पखवाज, टाळ पुरुषांच्या हाती. बायकांच्या वाट्याला जात्यावरची ओवी आणि देवळातली मागची बाजू. तुकोबा स्वतः मात्र अभंगात पुन्हा पुन्हा बाई होतात. सासरी निघालेली आणि मागे वळून पाहणारी लेक होतात, दिवाळीला माहेरचे कोणी न्यायला येईल म्हणून वाटेकडे डोळे लावून बसलेली सासुरवाशीण होतात. पुरुषांच्या मंडळात हे शब्द म्हटले जात. त्या तबकडीत ते ज्यांच्या दुःखाचे होते त्यांच्या आवाजात ऐकू आले. 'कन्या सासुराशी जाये' लागले की घरातली चुलीपुढची बाई हातातले काम थांबवीत असे, हे मी पाहिले आहे. त्या थांबण्याचा अर्थ मला तेव्हा कळण्याचे वय नव्हते.

अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांतून 'सोल' नावाचे संगीत निघाले. धर्मोपदेशकाची मुलगी असलेली अरीथा फ्रँकलिन त्या संगीताची सम्राज्ञी झाली आणि 1972 च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये जाऊन तिने भक्तिगीतांची 'अमेझिंग ग्रेस' ही ध्वनिमुद्रिका केली. तिच्यात जमलेल्या मंडळींचे हुंकार, टाळ्या सारे ऐकू येते. लोकप्रिय झालेला आवाज तिथे आपल्या मंडळीत परत गेला. आपल्याकडे लताबाईंचा चित्रपटांतून घरोघर पोचलेला आवाज तुकोबांकडे आला, तो मंडळी मागे ठेवून, एकट्याने. दोन्हींचे मूळ सारखेच: ज्यांच्याजवळ दुसरे काही उरले नाही, त्यांच्याजवळ गळा उरतो.

या तबकडीवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. त्यांत ढोंगी बुवांना फोडून काढणारा, शिव्या देणारा, देवाशीही भांडणारा तुकाराम आहे. तबकडीत आलेला तुकाराम त्या मानाने मऊ आहे; शहरी दिवाणखान्याला चालेल असा निवडलेला आहे. हे मान्य करूनही मी म्हणेन, की मऊ आवाजातही दिवाळखोर माणूस ओळखू येतो. सुखवस्तू माणसाची भक्ती अशी नसते. 'भेटीलागी जीवा'मधली आस ही ज्याचे सारे दरवाजे बंद झाले आहेत त्याची आस आहे.

मला हे सांगावेसे वाटते ते एका कारणाने. आमच्या नदीकाठी ऊस आहे, पाणी आहे, तरी कर्ज आहेच. 2008 मध्ये केंद्राची कर्जमाफी आली, 2017 आणि 2019 मध्ये राज्याच्या आल्या. त्या हव्याच होत्या. माफीने सातबाऱ्यावरचा बोजा उतरतो. मनावरचा उतरतोच असे नाही. थकलेला माणूस बँकेच्या दारात शिरताना खाली पाहतो, सोयऱ्यांच्या लग्नाला जायचे टाळतो, पारावर बसत नाही. रकमेपेक्षा लाज जड असते, हे मी टेबलाच्या अलीकडे बसून वर्षानुवर्षे पाहिले आहे. या लाजेला सरकारी योजनेत रकाना नाही. ज्याचे दिवाळे साऱ्या गावाने पाहिले, त्याच देहूच्या माणसाने आपली फजिती लपवली नाही, ती गाऊन सांगितली, आणि आज महाराष्ट्र त्याच्या पालख्या उचलतो. आमच्या गावातल्या खाली पाहणाऱ्या माणसाला हे कोणीतरी सांगायला हवे. व्याख्यानातून ते सांगता येत नाही. त्या तबकडीतून सांगता येते.

पण त्यासाठी ती ऐकली पाहिजे. मोबाइलवर आता तिचे अभंग सुटे सुटे मिळतात, मधे जाहिरात येते, गायिकेचे नाव दिसते आणि संगीतकाराचे पुष्कळदा शोधावे लागते. खळे 2011 मध्ये गेले, लताबाई 2022 मध्ये. ज्याचे येणे आहे ते त्याच्या खाती जमा झाले पाहिजे, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा; निदान अभंगाच्या बाबतीत तरी तो पाळावा.

माझी सूचना साधी आहे. फाल्गुनात तुकाराम बीज येते. त्या संध्याकाळी आमच्यासारख्या गावांनी देवळात बाया-पुरुषांनी एकत्र बसावे, बाहेरचा कर्णा बंद ठेवावा, आधी तुकोबांच्या बुडालेल्या दुकानाची गोष्ट सांगावी, चाल कोणाची आणि आवाज कोणाचा हे सांगावे, आणि तबकडीची एक बाजू सलग लावावी. वीसएक मिनिटांचे काम आहे. नंतर गावाचे नेहमीचे भजन व्हावे, गावाच्या स्वतःच्या चालीत, आणि वीणा त्या दिवशी एखाद्या बाईच्या हाती द्यावी. वर्गणी लागत नाही, मंडप लागत नाही. पारावर यायचे ज्याने सोडले आहे, त्याला मात्र कोणीतरी घरी जाऊन हाताला धरून आणावे लागेल.