गर्भतेज आणि हिमोग्लोबिन

सातवा महिना लागला की मराठवाड्यातील घरांत गर्भवतीच्या ओटीभरणाची तयारी सुरू होते. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखरा आणि त्या परिसरातील गावेही याला अपवाद नाहीत. हिरवे लुगडे, हिरवी चोळी, हिरवा चुडा, केसांत गजरा, ऐपत असेल तर फुलांची वाडी. एरवी चूल आणि शेत यांच्यामध्ये पळणारी सून त्या दिवशी पाटावर बसते. बायका तिच्या रूपाचे कौतुक करतात, तिच्या चेहऱ्यावर तेज आले आहे असे सांगतात, कुणी दृष्ट काढते. वाढलेले पोट, सुजलेले पाय आणि डोळ्यांखालची वर्तुळे यांनी बावरलेल्या स्त्रीला आपण सुंदर आहोत, आपल्यावाचून या घराचे अडते आहे, असे वाटावे यासाठी समाजाने योजलेला हा दिवस आहे. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, उरलेल्या दोनशे एकोणऐंशी दिवसांचे काय?

गर्भारपणातील सौंदर्य आणि आत्मविश्वास हा विषय अलीकडे प्रसाधनांच्या जाहिराती आणि छायाचित्रांच्या हवाली झाला आहे. वस्तुतः तो आरोग्याचा, श्रमाचा आणि घरातील सत्तेचा विषय आहे. आपल्या परंपरेने तो गांभीर्याने घेतला होता, याची साक्ष भाषाच देते. 'डोहाळे' या शब्दाचे मूळ 'दोहद' या शब्दात सापडते. आयुर्वेदात गर्भवतीला 'दौहृदिनी', म्हणजे दोन हृदये असलेली, असे म्हटले आहे. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून तिची इच्छा ही दोघांची इच्छा समजून ती पुरवावी, असे सुश्रुतसंहिता सांगते. मराठीने हाच भाव 'दोन जिवांची' या साध्या शब्दांत जपला आहे.

कालिदासाने 'रघुवंशा'च्या तिसऱ्या सर्गात दिलीप राजाची राणी सुदक्षिणा हिच्या गर्भारपणाचे वर्णन केले आहे. तिचे मुख लोध्राच्या फुलासारखे फिकट झाले आहे, अंगावरचे दागिने तिने उतरवले आहेत, आणि तिच्या मुखाला मातीचा गंध येतो आहे, कारण तिला माती खाण्याचे डोहाळे लागले आहेत. कवीच्या लेखी हे सारे सौंदर्यच आहे. आजच्या डॉक्टरसमोर मात्र असा फिकट चेहरा आणि मातीची ओढ घेऊन एखादी स्त्री आली, तर ते आधी तिच्या पापणीची आतली बाजू पाहतील आणि रक्त तपासायला सांगतील. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटणे हे अनेकदा शरीरातील लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते. आपल्याकडे पंडुरोग हे नावच फिकेपणावरून आले. ज्या फिकेपणाला काव्यात शोभा म्हटले गेले, तो व्यवहारात बाळंतपणातील रक्तस्रावाच्या वेळी जिवावर बेतू शकतो.

हा धोका किती घरांत आहे? गर्भवतीच्या रक्तात दर डेसिलिटरला ११ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल तर तो रक्तक्षय मानला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील ४५.७ टक्के गर्भवतींमध्ये तो आढळला. २०१५-१६ च्या फेरीत हे प्रमाण ४९.३ टक्के होते. म्हणजे सुधारणा झाली, पण ती मुंगीच्या पावलांनी. याच काळात १५ ते ४९ वयोगटातील एकूण स्त्रियांमधील रक्तक्षय मात्र ४८ टक्क्यांवरून ५४.२ टक्क्यांवर गेला. याचा अर्थ स्पष्ट आहे. पाटावर बसणारी सून गर्भवती होण्याच्या आधीपासूनच अशक्त असते. नऊ महिन्यांत गोळ्या देऊन आयुष्यभराची उपासमार भरून काढण्याची अपेक्षा सरकारी यंत्रणेकडून केली जाते, आणि आकडा हलत नाही म्हणून दोष त्या स्त्रीलाच दिला जातो.

त्या गोळ्यांचीही एक कथा आहे. गर्भवतीने लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी किमान १८० दिवस घ्यावी, असा राष्ट्रीय कार्यक्रमाचा दंडक आहे. प्रत्यक्षात तेवढे दिवस त्या घेणाऱ्या स्त्रिया निम्म्याहूनही बऱ्याच कमी आहेत. मळमळ, बद्धकोष्ठता ही कारणे खरी आहेतच, पण आणखी एक कारण आशा कार्यकर्तींच्या परिचयाचे आहे. गोळीने मूल काळे होते, असा समज अनेक घरांत आढळतो. दुसऱ्या बाजूला बाळ गोरे व्हावे म्हणून केशर घातलेले दूध आणि शहाळे यांवर ऐपत नसताना खर्च केला जातो. केशराने बाळाचा वर्ण बदलत नाही, तो आईवडिलांच्या गुणसूत्रांनी ठरतो. गोळीनेही तो बदलत नाही, गोळीने आईचे रक्त वाढते. सौंदर्याची कल्पना रंगाशी जखडली गेली की ती थेट औषधाच्या आड कशी येते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही. गर्भारपणात अनेकींच्या गालांवर वांग येतो, पोटावर काळसर रेघ उमटते, मान आणि काखा काळवंडतात. हे संप्रेरकांमुळे होते आणि प्रसूतीनंतर बहुधा फिके पडते. ही साधी माहिती वेळेवर मिळाली, तर आरशासमोरचे किती तरी दुःख टळेल.

'मूल मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल, म्हणून बेताने जेव' हा वडीलधाऱ्यांचा सल्लाही याच पठडीतला. त्यामागे क्रौर्य नसते, भीती असते. जवळ शस्त्रक्रियेची सोय नव्हती त्या काळात अडलेल्या बाळंतिणी डोळ्यांदेखत गेल्याची ती आठवण आहे. पण आज तिचे ओझे पोटातल्या जिवावर आणि आईच्या हाडांवर पडते.

वयाचा मुद्दा तर याहूनही मूलभूत आहे. आनंदीबाई जोशी यांना वयाच्या चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांत दगावले. त्या दुःखातून उभी राहिलेली ही मुलगी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली, आणि तिने प्रबंधासाठी विषय निवडला तो प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. त्यानंतर जवळपास दीड शतक उलटले. तरीही पाचव्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेला आढळला. हिंगोलीच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्क्यांच्या घरात होते आणि हिंगोलीही राज्याच्या सरासरीच्या वरच होती. जिची स्वतःची वाढ अजून पुरी झालेली नाही, अशा मुलीकडून मातृत्वाच्या तेजाची अपेक्षा करणे हा क्रूर विनोद आहे. तिच्या शरीरातील लोहावर आणि कॅल्शियमवर दोन वाढत्या जिवांचा हक्क असतो, आणि त्यातली एक ती स्वतः असते.

साखरा ज्या पट्ट्यात येते तिथे सोयाबीन, तूर आणि हळद ही पिके घेतली जातात. हिंगोली हा राज्यातील हळदीचा मोठा जिल्हा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नवरीच्या अंगाला लागणारी, सौंदर्याचे दुसरे नाव मानली जाणारी ही हळद काढण्याचे, वेचण्याचे आणि मोडण्याचे काम प्रामुख्याने बायकांचे. वाकून करायच्या या कामात सातवा महिना आणि आठवा महिना असा फरक मजुरीच्या हिशेबात नसतो. ज्यांच्याकडे पाण्याची शेती नाही, त्यांतली अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. एक दिवस चुकला तर 'खाडा' पडतो आणि उचलीतून पैसे कापले जातात. डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या गर्भवती स्त्रिया फडावर नव्या नाहीत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांबाबत राज्य सरकारने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. शरीराकडे केवळ मजुरीच्या आड येणारी अडचण म्हणून पाहायला परिस्थिती भाग पाडते, तेव्हा त्या शरीराविषयी अभिमान कुठून यावा?

शहरी वाचकाला हे सारे दूरचे वाटेल. २०१६ मध्ये करिना कपूर गर्भवती असताना मुंबईतील फॅशन सप्ताहाच्या मंचावर चालली, तेव्हा त्याचे स्वागत झाले आणि ते योग्यही होते. पदराआड दडवण्याची अवस्था उजेडात आली. आता पुण्या-नाशिकपासून तालुक्याच्या गावापर्यंत गर्भारपणाची छायाचित्रे हौसेने काढली जातात. पण त्या छायाचित्रांनी नवे मापही आणले. पोट तेवढे दिसावे, बाकी अंग सडपातळ राहावे, त्वचा नितळ असावी, आणि बाळंत झाल्यावर तीन महिन्यांत जुनी जीन्स चढावी. सशक्त स्त्रीचे वजन गर्भारपणात दहा ते बारा किलोंनी वाढणे स्वाभाविक आहे, हे त्या चित्रांत कुणी सांगत नाही.

नोकरीच्या जागी तर आत्मविश्वासाची कसोटीच लागते. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली, तरी दहापेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेत किंवा शेतावर राबणारी स्त्री तिच्या बाहेरच राहिली. जिथे कायदा पोहोचतो तिथेही मने मागे रेंगाळतात. तीन महिन्यांहून अधिक काळ गर्भवती असलेल्या उमेदवाराला 'तात्पुरती अपात्र' ठरवणारी सूचना स्टेट बँकेने काढली होती. टीकेनंतर जानेवारी २०२२ मध्ये ती मागे घ्यावी लागली. गर्भारपण म्हणजे अपात्रता, ही समजूत फडावरच्या मुकादमाची आणि वातानुकूलित कार्यालयाची सारखीच असते, हे या निमित्ताने दिसले.

आणि घरातील सोहळा? डोहाळजेवणात दोन वाट्या झाकून ठेवतात, एकीत पेढा आणि दुसरीत बर्फी. गर्भवतीने एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. खेळ निरागस आहे, हशाही पिकतो. पण गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात सर्वप्रथम, १९८८ मध्ये, कायदा करावा लागलेले राज्य आपलेच. २०११ च्या जनगणनेत या राज्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. बीडमध्ये तर ८०७. अशा ठिकाणी वाटी उघडताना त्या स्त्रीच्या मनात काय चालत असेल? जिची किंमत पोटातल्या लिंगावर ठरणार आहे, तिच्या कौतुकाला अटी लागलेल्या असतात आणि ते तिला कळत असते.

चित्र सर्वस्वी निराशाजनक नाही. २००५-०६ मध्ये महाराष्ट्रातील सुमारे ६५ टक्के बाळंतपणे रुग्णालयात होत, २०१९-२१ पर्यंत ती जवळपास ९५ टक्क्यांवर गेली. लाखामागे १३० असलेला मातामृत्यू दर (२००४-०६) २०१८-२० मध्ये ३३ वर आला. आशा कार्यकर्ती, परिचारिका आणि रुग्णवाहिकांचे हे यश मोठे आहे. परंतु स्त्री रुग्णालयात पोहोचली म्हणजे तिचा मान पोहोचला असे होत नाही. प्रसूतिकक्षात कळा देणाऱ्या बाईवर ओरडणे, तिची लाज काढणे हे प्रकार आपल्या समाजाने जणू बाळंतपणाचा भाग म्हणून स्वीकारले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शनात गर्भवतीचा अनुभव सुखद असावा हे उद्दिष्टच ठरवले, तपासण्यांची संख्या किमान आठ सांगितली, आणि २०१८ मध्ये प्रसूतीच्या वेळी स्त्रीच्या पसंतीची सोबत असण्याची शिफारस केली. आपल्या केंद्र सरकारनेही २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत अशी सोबतीण राहू देण्यास मान्यता दिली, आणि २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात सन्मानपूर्वक वागणुकीचा समावेश केला. कागद तयार आहेत, त्यांना माणसांची, खाटांची आणि पडद्यांची जोड हवी.

मनाच्या आरोग्याकडे तर अजून पुरेसे लक्षच गेलेले नाही. विकसनशील देशांत गर्भवतींपैकी सुमारे १५.६ टक्के आणि बाळंतिणींपैकी १९.८ टक्के स्त्रियांना मानसिक विकार, मुख्यतः नैराश्य, जडते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्याकडे त्याला 'नाटकं' म्हणतात. वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन यांच्या नोंदी घेतल्या जातात. 'झोप लागते का, रडू येते का, घरी कुणी मारहाण करते का' हे तीन प्रश्नही त्याच वेळी विचारता येतील. त्यासाठी यंत्र लागत नाही, फक्त दार लोटून घ्यावे लागते.

पैशाचेही तसेच. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये गर्भवतीला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. २०१७ च्या मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी पाच हजारच आले, २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तर सहा हजार. फडावरची मजुरी बुडवून विश्रांती घेण्याइतकी ही रक्कम नाही. निदान ती बाळंतपणानंतर नव्हे, तर आधी आणि तिच्याच हातात पडायला हवी.

पोषण अभियानात अंगणवाड्यांमध्ये गर्भवतींचे ओटीभरण सार्वजनिकरीत्या करण्याची प्रथा सुरू झाली, ही कल्पना चांगली आहे. ओटीत नारळ आणि तांदळासोबत शेंगदाणे, गूळ, पालेभाजी पडावी. पेढा-बर्फीच्या वाट्यांऐवजी तिचे हिमोग्लोबिन किती वाढले याचे कौतुक व्हावे, आणि सासू-नवऱ्याने पुढच्या दोन महिन्यांत तिच्याकडून कोणते काम काढून घेतले ते चारचौघांत सांगावे. साखरा गावची एखादी सून पाटावर बसेल तेव्हा तिने हिरवी चोळी जरूर ल्यावी, गजरा जरूर माळावा. तिच्या गालावरची लाली मात्र कुंकवाची किंवा पावडरीची नसावी, तिच्या स्वतःच्या रक्ताची असावी.