एका फोनने मिटणारे प्रेम

हल्ली दिवाळी अंकातली प्रेमकथा वाचायला घेतली की तिसऱ्या पानावरच माझा धीर सुटतो. तिने त्याला दुसऱ्या मुलीबरोबर हॉटेलात पाहिलेले असते. ती त्याची चुलतबहीण निघणार हे आपल्याला कळलेले असते (मामेबहीण नव्हे, तिच्याशी लग्न होऊ शकते, तेवढी काळजी लेखक घेतात!), पण नायिकेला कळायला अजून बारा पाने लागतात. अहो, दोघांच्याही हातात मोबाइल आहे! एका फोनने जी संपते तिला मी कथा म्हणायला तयार नाही.

यावर लेखकमंडळींचे उत्तर ठरलेले. प्रेमकथेत अडथळा हवा ना? हवाच. पण तो त्या माणसांच्या जगातून यायला हवा. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ सालची. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, तिच्यावर चक्रधर आणि हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू हॅर्टा. मुंबई आली की तो उतरणार, तिला उतरता येणार नाही. बस्स! चंद्र नको, पाऊस नको, बंदर जवळ येतेय एवढ्यानेच वाचणाऱ्याचा जीव कासावीस होतो. त्यात चक्रधर आधीच्या प्रेमात पोळलेला, त्यामुळे अर्धी लढाई त्याच्या मनातच चाललेली.

जुन्याचेच गोडवे गातो म्हणाल, तर २०१६ चा ‘सैराट’ घ्या. लोक गाण्यांवर नाचले, पण प्रेमाची खरी कसोटी लागते ती हैदराबादच्या झोपडपट्टीतल्या खोलीत. पाटलाच्या वाड्यातली मुलगी बाटल्यांच्या कारखान्यात कामाला, तो डोशाच्या गाडीवर. संशय तिथेही येतो, हातही उगारला जातो. पण तो संशय दमलेल्या, एकट्या पडलेल्या माणसाचा आहे, पाने भरण्यासाठी आणलेला नाही. आणि गावाकडची जात त्यांचा पत्ता विसरत नाही.

आमच्या छापील कथांत मात्र नायक ‘एका मोठ्या कंपनीत’ असतो. भाडे कोण भरते, आडनाव ऐकून घरमालक काय म्हणतो, आईचे औषधपाणी कोण बघते, अवाक्षर नाही.

ओळखीतल्या एका तरुण लेखकाला मी विचारले, “तुझ्या नायकाचा पगार किती रे?”

“सर, प्रेमकथेत पगार कशाला?”

“बरं, लग्न करून ही दोघं राहणार कुठे?”

त्याने कथा परत मागून घेतली. अजून पाठवलेली नाही.