मासे कुणी मारले?

बालमित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांच्या घरी फिशटँक आहे? हात वर करा पाहू! आणि किती जणांच्या घरी तो पूर्वी होता, पण आता रिकामा होऊन माळ्यावर गेलाय? अरे बाप रे, हे हात तर कितीतरी जास्त!

आज माळ्यावर गेलेल्या त्या टाक्यांचीच गोष्ट सांगते. आमची टाकीसुद्धा माळ्यावर जाता जाता वाचली.

मी पाचवीच्या वर्गाला शिकवते. आमच्या शाळेत मुलांचं मंत्रिमंडळ असतं, तुमच्याकडेही असेल. अभ्यासमंत्री, स्वच्छतामंत्री, आहारमंत्री, सगळे छातीवर बिल्ला लावून फिरतात. गेल्या वर्षी जुलै महिन्यात एका पालकांनी वर्गाला काचेची टाकी, एक छोटा फिल्टर आणि पाच गोल्डफिश भेट दिले. झालं, लगेच एक नवीन खातं निघालं. मत्स्यमंत्री! मंत्री झाला शेवटच्या बाकावरचा एक अबोल मुलगा. त्याचं नाव सांगत नाही, कारण त्यानेच तसं बजावलंय.

टाकी ६० सेंटीमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच. गणिताच्या तासाला आम्ही गुणाकार केला : ५४,००० घन सेंटीमीटर, म्हणजे ५४ लिटर. प्रत्यक्षात खालची खडी आणि वरची मोकळी जागा वगळून १५ लिटरच्या तीन बादल्या पाणी मावलं. मुलं म्हणाली, "बाई, पुस्तकातलं गणित चुकलं!" मी म्हटलं, "पुस्तकातल्या टाकीत खडी नसते रे बाबांनो."

एका मुलीने मामाच्या शोकेसमधला पोवळ्याचा पांढराशुभ्र तुकडा आणून टाकीत ठेवला. फार पूर्वी मामा मालवणहून घेऊन आला होता म्हणे. पाच सोनेरी मासे त्या पांढऱ्या झाडाभोवती फिरू लागले, आणि पहिला आठवडा माझा एकही तास धड झाला नाही.

आठव्या दिवशी मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले. "बाई, ते गाणं म्हणतायत!" एक चिमुरडी म्हणाली. आम्ही सगळे हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मासा उलटा तरंगत होता. पारिजातकाखाली खड्डा करून आम्ही त्याला पुरलं. त्या दिवशी शुक्रवार होता.

शनिवारपर्यंत पाणी ताक घुसळल्यासारखं पांढरट झालं. मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "पाणी नासलंय, टाकी पूर्ण धुवून काढा." शनिवारची शाळा सुटल्यावर मी पदर खोचला. मासे एका घमेल्यात काढले, खडी धुण्याच्या पावडरीने चोळचोळून घासली, फिल्टरचा काळपट स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला आणि नळाच्या ताज्या पाण्याने टाकी भरली. कशी आरशासारखी चमकत होती! मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

सोमवारी प्रार्थनेआधी मुलं धावत आली. आणखी दोन मासे मेले होते.

वर्गात एकच गलका झाला. "याने मारले बाई! याने शनिवारी मूठभर खाणं टाकलं, आम्ही बघितलं!" मत्स्यमंत्री खाली मान घालून उभा. हळूच म्हणाला, "रविवारी त्यांना कोण देणार? म्हणून मी दोन दिवसांचं एकदम दिलं." आणि मी काय म्हणाले ठाऊक आहे? सगळ्यांसमोर म्हणाले, "अरे, निदान विचारायचं तरी!" त्याने बिल्ला काढून माझ्या टेबलावर ठेवला. दुपारी त्याने खिचडीला हातही लावला नाही.

त्या रात्री मला झोप लागेना. तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे एक ओळखीचे सर आहेत. सकाळीच त्यांना फोन लावला, आणि बुधवारी दुपारी ते एक छोटी पेटी घेऊन वर्गात हजर झाले. आल्या आल्या त्यांनी चार प्रश्न विचारले. टाकी किती दिवसांची? मासे किती? पाणी कुठलं? आणि पाणी खराब झाल्यावर तुम्ही काय केलंत? चौथ्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना त्यांच्या भुवया वर वर जात होत्या. तेव्हाच मला धोक्याची घंटा ऐकू आली.

सरांनी टाकीतलं थोडं पाणी काचेच्या नळीत घेतलं आणि पेटीतल्या बाटल्यांमधले थेंब टाकले. पाच मिनिटं सगळा वर्ग श्वास रोखून बसला. पिवळं दिसणारं पाणी हळूहळू गडद हिरवं झालं. "हा अमोनिया," सर म्हणाले. "तुमच्या मुतारीत नाकाला झोंबतो ना, त्याचाच भाऊ."

माशांच्या शरीरातला बराचसा अमोनिया त्यांच्या कल्ल्यांमधून पाण्यात जातो. शिवाय उरलेलं खाणं कुजलं की त्याचाही अमोनिया होतो. नदीत किंवा तळ्यात पाणी भरपूर, म्हणून तो विरून जातो. टाकीत कुठे जाणार? आपलीच घाण आपल्याच खोलीत! मग जुन्या टाक्यांमधले मासे वर्षानुवर्षं कसे जगतात? त्याचं उत्तर मुलांना फार आवडलं. तिथे न दिसणारे सफाई कामगार असतात. खडीवर, काचेवर आणि सगळ्यात जास्त फिल्टरच्या स्पंजमध्ये काही जिवाणू राहतात. एक टोळी अमोनियाचं नायट्राइट करते. नायट्राइटही विषारीच. ते माशांच्या रक्तात शिरलं की रक्त तपकिरी पडतं आणि प्राणवायू नेईनासं होतं, म्हणजे पाण्यात हवा असूनही मासा गुदमरतो. मग दुसरी टोळी त्या नायट्राइटचं नायट्रेट करते. नायट्रेट थोडं साठलं तरी मासे ते सोसतात, आणि झाडांना तर ते खत म्हणून चालतं.

पण या टोळ्या दुकानातून टाकीसोबत येत नाहीत. त्या आपोआप वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आणि आम्ही पहिल्याच दिवशी ४५ लिटर पाण्यात पाच गोल्डफिश सोडले होते. गोल्डफिश म्हणजे खादाड प्राणी. त्याला आपल्यासारखं पोटही नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यात जातं. म्हणून तो सारखा खातो आणि सारखी घाण करतो.

"तर मग," सर म्हणाले, "आठ दिवसांत दोनचार कामगार कुठे कामाला लागले होते. त्यांना शनिवारी कुणी घालवून दिलं?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मुलांनो, मी सोळा वर्षं शिकवते आहे, पण फळ्याजवळ उभं राहणं मला इतकं अवघड कधीच गेलं नव्हतं.

त्यात आणखी एक भानगड निघाली. मधल्या सुट्टीत चार मुलं ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्या काकांची मुलाखत घ्यायला पळाली. काकांनी सांगितलं की गावाच्या टाकीत ते रोज टीसीएल पावडर घालतात. आपण पिताना आजारी पडू नये म्हणून ती घालावीच लागते. तिच्यातला क्लोरीन जंतू मारतो. पण तो आमचे जिवाणूही मारतो आणि माशांचे नाजूक कल्ले पोळतो. मी तर थेट नळाच्या पाण्याने स्पंज धुतला आणि तेच पाणी टाकीत भरलं!

मग सरांचं लक्ष पोवळ्याच्या तुकड्याकडे गेलं. त्यांनी तो बाहेर काढून पुसला आणि त्यावर लिंबू पिळलं. बारीक बारीक बुडबुडे फसफसून वर आले. पोवळं म्हणजे चुन्याचा सांगाडा. पाण्यात तो किंचित विरघळतो आणि पाणी आम्लारीकडे झुकवतो. पाणी जितकं आम्लारी, तितका अमोनिया जास्त विषारी. एकट्या त्या तुकड्याने मासे मेले नसते, पण आगीत तेल ओतायचं काम त्याने केलं. समुद्रातले मासे पाळणारे मुद्दाम असा चुना टाकीत ठेवतात. त्यांच्या माशांना तो मानवतो, आमच्या टाकीला नाही.

ती मुलगी म्हणाली, "मग हे झाड आता मरून गेलंय का?" झाड नव्हेच ते! ती होती हजारो इवल्या प्राण्यांची वसाहत. जिवंतपणी ती रंगीत असते, कारण त्या प्राण्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं आणि सूर्यप्रकाशावर अन्न बनवून घरमालकाला देतं. समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा फार तापलं की हे शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. बरेच दिवस तसंच राहिलं तर उपाशी मरतं. म्हणजे तिथेही दुखणं पाण्याचंच! मालवणजवळचा समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य झाला, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्रवाळ गोळा करायला किंवा विकायला आपल्या देशात बंदी आहे. तेव्हा सहलीला गेलात आणि कुणी असा तुकडा विकत देऊ लागला, तर घेऊ नका.

आता उरलेल्या दोन माशांचं काय केलं ते सांगते. सरांनी त्यांच्या जुन्या टाकीतला अर्धा स्पंज ओला ठेवून पिशवीतून आणला आणि आमच्या फिल्टरमध्ये बसवला. म्हणजे कामगारांची तयार टोळीच आली! आम्ही रोज बादलीत पाणी भरून उघडं ठेवू लागलो. टीसीएलचा क्लोरीन एक दिवसात बराचसा उडून जातो. आधी रोज आणि मग एक दिवसाआड आम्ही टाकीतलं पाव हिस्सा पाणी काढून हे मुरलेलं पाणी घालत होतो. काढलेलं पाणी परसबागेतल्या पालकाला. (पालक असा माजला की आहारमंत्री खूश!) खाणं दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल इतकंच. रविवारी उपास. माशांना एकदोन दिवसांच्या उपासाने काहीही होत नाही, हे आमच्या माजी मंत्र्याला कळलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

भिंतीवर एक तक्ता लावला. दर दोन दिवसांनी थेंब टाकायचे आणि नळीत जो रंग येईल तो खडूने भरायचा. पहिला आठवडा हिरवा. दुसऱ्या आठवड्यात हिरवा फिका झाला, पण नायट्राइटच्या नळीत जांभळा रंग चढला. मुलं घाबरली. मला मात्र आनंद झाला, कारण पहिली टोळी कामाला लागल्याचीच ती खूण होती. चौथ्या आठवड्याच्या शेवटी जांभळाही गेला. दोन्ही मासे आता टाकीच्या तळाशी खडी उकरत फिरत होते.

आईबाबांनो, हे तुमच्यासाठी. मासे वर येऊन धापा टाकायला लागले की आपण घाईघाईने दुकानातलं निळं औषध ओततो. त्याने बिचारे जिवाणूच मरण्याची भीती असते. आधी एक दिवस खाणं बंद ठेवा, मुरलेल्या पाण्याने पाव टाकी बदला आणि फिल्टर चालू आहे ना ते बघा. उन्हाळ्यात ही धाप जास्त दिसते, कारण पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. वीज गेली तर मगाने टाकीतलंच पाणी काढून थोड्या उंचीवरून परत ओता. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळा. साबण नको, नळाचं पाणीही नको. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर मात्र तो परजीवीचा रोग. त्याला औषध लागतं. आणि नवी टाकी आणलीत तर आधी एखादाच छोटा मासा आणा, बाकीचे महिन्याभराने. मुलं हट्ट करतील. करू देत.

मी त्या मुलाला पुन्हा काही म्हटलं की नाही, असं तुम्ही विचाराल. म्हटलं तर! बुधवारीच, सर गेल्यावर, सगळ्या वर्गासमोर म्हटलं, "तुझं खाणं थोडं जास्त झालं, पण मासे मारले ते माझ्या धुण्याने. माझं चुकलं." वर्ग अगदी चिडीचूप. त्याने बिल्ला काही लगेच घेतला नाही. चार आठवडे तो तसाच माझ्या टेबलावर पडून होता. तक्त्यावरचा जांभळा रंग गेला त्या दिवशी तो स्वतःच टेबलाशी आला आणि म्हणाला, "बाई, मी घेतो, पण एक अट आहे. यापुढे टाकी धुवायची असली तर तुम्ही मला विचारायचं."

ती अट आमच्या टाकीच्या काचेवर कागदाने चिकटवली आहे. खाली माझी सही आहे.